द्राक्षबागेतली संजीवकं: खरड छाटणीपासून काढणीपर्यंत

निफाड-दिंडोरीकडं ऑक्टोबरात द्राक्षवेलीचे पोंगे, म्हणजे फुगलेले डोळे, फुटले, की चहाच्या टपरीवर एकच चौकशी सुरू होते: "जीए किती पीपीएमनं दिलं?" जीए म्हणजे जिबरेलिक आम्ल, जिबरेलिन गटातलं संजीवक; पीपीएम म्हणजे द्रावणात ते दहा लाखांत किती भाग. समोरचा आकडा सांगतो, विचारणारा तो डोक्यात ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी आपल्या बागेत तोच मारून मोकळा होतो. त्याची छाटणी आठ दिवस मागची, माती भारी, वेलीवर घड दुप्पट. सारखा असतो तो फक्त आकडा.

मीही या आकड्यांच्या मागं बरीच वर्षं पळलो. आता कुणाची बाग बघायला गेलो की आधी घडाचा रंग बघतो, मग फवारणीच्या पाण्याचा सामू (पीएच) विचारतो आणि आकड्याचं सगळ्यात शेवटी काढतो. या लेखाचा क्रमही तोच आहे. आकडे येतील, पण आधी वेलीच्या आत काय चालतं ते थोडं समजून घेऊ. ते कळलं की निम्मे आकडे आपोआप लक्षात राहतात.

संप्रेरक आणि संजीवक

शाळेच्या पुस्तकात 'संप्रेरक' असतं, दुकानात 'संजीवक'. वेल स्वतःच्या पेशींत तयार करते ते संप्रेरक. तेच किंवा त्याच्यासारखं काम करणारं जे आपण बाहेरून देतो ते संजीवक. खत म्हणजे माल, संप्रेरक म्हणजे निरोप. एकरभर घड ४० पीपीएमच्या २०० लिटर द्रावणात बुडवले, तर त्यात जीए असतं जेमतेम ८ ग्रॅम. आठ ग्रॅमनं वेलीचं पोट भरत नाही. "वाढा" एवढा निरोप पोचतो, आणि घरात सामान असेल तरच वेल वाढते. पानं पिवळी, मुळी काळी, काडी बोरूसारखी पोकळ अशा बागेत जीए वाढवून मणी फुगत नाही तो याच कारणानं.

वेलीत मुख्य पाच निरोप फिरतात.

ऑक्झिन शेंड्यात तयार होतं, खाली उतरतं आणि बगलेतल्या डोळ्यांना दाबून धरतं. आपण शेंडा खुडला की चार-सहा दिवसांत बगलफुटी निघतात ते दाब उठल्यामुळं. सातव्या पानावर शेंडा मारून सबकेन, म्हणजे बगलेतून निघालेली पुढची काडी, करतो तेव्हा आपण बाटलीला हात न लावता संप्रेरकाचाच तोल बदलत असतो.

जिबरेलिन पेशी लांबवतं. त्याचा शोध भाताच्या रोगातून लागला. जपानी शेतकरी ज्याला 'बाकानाए', म्हणजे वेडं रोप, म्हणत ते रोप इतरांपेक्षा उंच, फिकट, लुकडं वाढायचं आणि दाणा न भरता पडायचं. एइची कुरोसावा यांनी १९२६मध्ये तैवानात दाखवलं, की रोगाची बुरशी जे द्रव्य सोडते त्यानं निरोगी रोपही तसंच वाढतं. १९३५मध्ये याबुता यांनी त्या द्रव्याला जिबरेलिन नाव दिलं. आपल्या पुडीतलं जीए आजही बुरशी आंबवूनच तयार होतं. जास्त मात्रा गेलेल्या बागेत लांब पेऱ्यांची, फिकट, लुळी फूट दिसते ना, ते वेडं रोपच.

सायटोकायनिन पेशींचं विभाजन करवतं आणि मुख्यतः मुळीच्या टोकात तयार होऊन वर चढतं. पांढरी मुळी चालू तर सायटोकायनिन चालू. जाता जाता एक गंमत: या गटातलं पहिलं द्रव्य, कायनेटिन, १९५५मध्ये हेरिंग माशाच्या शुक्रपेशींच्या डीएनएतून मिळालं होतं!

इथिलीन हा वायू. पान गळणं, फळ पिकणं ही त्याची कामं. आणि ॲबसिसिक आम्ल, म्हणजे एबीए, हे पाण्याच्या ताणात पानांची छिद्रं मिटवतं, डोळे झोपवून ठेवतं आणि द्राक्षात पाणी उतरण्याच्या वेळी, म्हणजे मणी मऊ पडताना, रंग-साखरेचं काम सुरू करतं.

ब्रासिनोस्टेरॉइड नावाचा सहावा गटही आहे. १९७९मध्ये मोहरीच्या जातकुळीतल्या रेपच्या परागकणांतून तो वेगळा काढला. दुकानात होमोब्रासिनोलाइड म्हणून मिळतो. द्राक्षात त्यावर फार भिस्त ठेवावी असं मला वाटत नाही, म्हणून पुढं जातो.

घड की बाळी

या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. डोळ्याच्या आत घड आणि बाळी, म्हणजे आधाराला गुंडाळणारा तंतू, एकाच प्रकारच्या कोवळ्या कोंबापासून तयार होतात. त्या कोंबाचं सुरुवातीला काहीच ठरलेलं नसतं. सायटोकायनिनचा जोर असला तर तो फांद्या फोडत घड होतो. जिबरेलिनचा जोर असला तर बाळी होतो. ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी २००२मध्ये एका बुटक्या द्राक्षवेलीवर हे फार सुंदर दाखवलं. जिबरेलिनचा निरोप ऐकूच न येणारी ती वेल होती, आणि तिच्यावर बाळ्यांच्या जागी घड लागत होते. गव्हाच्या बुटक्या जातींनी हरितक्रांती झाली, तिथंही जिबरेलिनचा निरोप न ऐकणारी जनुकंच होती.

आता हे आपल्या बागेत लावून बघा. आपण वेल वर्षातून दोनदा छाटतो: एप्रिलला खरड छाटणी, ऑक्टोबरला फळाची. एप्रिल छाटणीनंतर, सूक्ष्म घडनिर्मितीच्या काळात, जीए शत्रू आणि सायटोकायनिन मित्र. ऑक्टोबर छाटणीनंतर घड एकदा बाहेर येऊन पोपटी झाला की तेच जीए मित्र. रसायन तेच, वेल तीच, सहा महिन्यांत नातं उलटं. टपरीवरच्या आकड्यात हे मावत नाही.

पुडी उघडण्याआधी

पाण्यापासून सुरुवात करा. आपल्याकडं विहिरी-बोअरच्या पाण्याचा सामू बहुतेक वेळा ७.५ ते ८.५ असतो. अल्कधर्मी पाण्यात जीए हळूहळू निकामी होतं. म्हणून टाकीतल्या पाण्यात आधी सायट्रिक किंवा फॉस्फोरिक आम्ल घालून सामू ५.५ ते ६.५च्या दरम्यान आणायचा, लिटमस कागदानं किंवा पेनासारख्या मीटरनं तपासायचा, आणि मगच जीए टाकायचं. उलटं करू नका. बोर्डो मिश्रण किंवा चुन्याचं काहीही या टाकीत जाता कामा नये. बोर्डोची फवारणी झालेली टाकीही आधी धुऊन घ्या.

जीएची पावडर पाण्यात नीट विरघळत नाही. १ ग्रॅमला ३०-४० मिली अल्कोहोल किंवा ॲसिटोन घेऊन काचेच्या भांड्यात पूर्ण पारदर्शक होईपर्यंत ढवळा. तळाशी एक कण दिसला तरी थांबा. तो कण ज्या घडावर पडेल तो घड जातो. विरघळलेलं द्रावण त्याच दिवशी वापरा, उद्यावर ठेवू नका.

हिशोब साधा आहे. १ लिटरमध्ये १ मिलिग्रॅम म्हणजे १ पीपीएम. म्हणून १ ग्रॅम १०० लिटरमध्ये १० पीपीएम, ५० लिटरमध्ये २० पीपीएम, २५ लिटरमध्ये ४० पीपीएम. मणी फुगवणारं सीपीपीयू ०.१ टक्के द्रावणात मिळतं, त्यामुळं १ मिली प्रतिलिटर म्हणजे १ पीपीएम. शेंड्याची वाढ रोखणारं सीसीसी ५० टक्के असतं, तिथं १ मिली प्रतिलिटर म्हणजे ५०० पीपीएम. हे आकडे औषधांच्या खोलीत भिंतीवर रंगवून ठेवा. मी रंगवले ते नुकसान झाल्यावर. एका हंगामात १०० लिटरचा ड्रम फुटला म्हणून ५० लिटरचा आणला, पुडी मात्र सवयीनं एक ग्रॅमचीच फोडली. पोपटी अवस्थेत १० ऐवजी २० पीपीएम गेलं. आठ दिवसांत घड चाबकासारखे लांब, पाकळ्या वळलेल्या, फुलोऱ्यात मणी विरळ आणि अधेमधे जवसाएवढे शॉट बेरीज, म्हणजे खुरटलेले मणी. गडी म्हणाला, "मालक, यंदा विरळणीची मजुरी वाचली." हसावं की रडावं कळेना.

दुसरी अडचण नव्या फवारणी यंत्रांची. इलेक्ट्रोस्टॅटिक यंत्र एकरी फार कमी पाण्यात काम करतं. तिथं पीपीएमचा आकडा जसाच्या तसा लावला तर एकरी ग्रॅम फारच कमी जातात. आणि ग्रॅम तेवढेच ठेवले तर पीपीएम चढतं. यंत्र बदललं त्या वर्षी पूर्ण बागेवर जाऊ नका, चार ओळींवर बघा.

वेळ सकाळची किंवा संध्याकाळची. द्रावण जितकं सावकाश सुकतं तितकं आत जातं, म्हणून भर उन्हात, कोरड्या वाऱ्यात मारलेलं निम्मं वाया जातं. पण पहाटे दव निथळत असताना मारलं तर ते पातळ होऊन गळून पडतं. ढगाळ, दमट दिवशी तीच मात्रा जोरात लागते. ढग दिसले तर मात्रा पाव-तृतीयांशानं कमी करायची माझी सवय आहे. शास्त्रीय शिफारस म्हणून नव्हे, अनुभव म्हणून सांगतो.

शेवटचं, कागदांचं. संजीवकं आपल्या देशात १९६८च्या कीटकनाशक कायद्याखाली नोंदवावी लागतात. डब्यावर घटकाचं नाव, टक्केवारी आणि नोंदणी क्रमांक हवाच. 'फुटवा', 'फुगवण' असं लिहिलेली, आत काय आहे ते न सांगणारी टॉनिकं घेऊ नका. त्यात जीए असेल आणि ते एप्रिलमध्ये मारलं, तर पुढच्या हंगामाच्या बाळ्या तुम्ही स्वतःच पेरल्या. निर्यात करणाऱ्यांनी मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची अनेक्शर-५ची, म्हणजे निर्यातीच्या बागेत चालणाऱ्या औषधांची, चालू वर्षाची यादी हाताशी ठेवावी. गेल्या वर्षीची नको.

एप्रिल: डोळ्याच्या आतलं काम

खरड छाटणीनंतर पहिला महिना फुटी काढण्याचा, विरळण्याचा. साधारण चाळिसाव्या दिवसापासून साठ-सत्तराव्या दिवसापर्यंत डोळ्यांत पुढच्या हंगामाचे घड ठरतात. या काळात करायचं ते बहुतेक बाटलीशिवायचं.

पहिलं, डोळ्यावर ऊन. फुटींची गर्दी कमी करा, काड्या तारेवर सुटसुटीत बांधा. सावलीतला डोळा वांझ राहतो. दुसरं, मुळी. बोदावर, म्हणजे वेलींच्या ओळीच्या वरंब्यावर, मल्चिंग, शेणखत आणि पाण्याची बेताची पाळी. मुळी पांढरी राहिली की सायटोकायनिन फुकट मिळतं. तिसरं, नत्र आणि पाणी आवरणं. नत्रानं आणि मोकाट पाण्यानं शेंडा धावतो, शेंडा धावला की आत जिबरेलिन जास्त. म्हणून सात पानांवर शेंडा मारून सबकेन घ्यायची आणि पुढं पाचेक पानांवर पुन्हा थांबवायचं.

एवढं करूनही शेंडा धावत असेल, मे-जूनमध्ये ढग दाटले असतील, तर बाटली. इथं ६-बीए हे सायटोकायनिन १० पीपीएमच्या आसपास, चाळीस ते पन्नास दिवसांच्या दरम्यान एक-दोन वेळा देण्याची पद्धत आहे. जोडीला बरेच जण युरासिल देतात. ढगाळ वर्षात ६-बीएचा फरक मला दिसलेला आहे. चांगल्या उन्हाच्या वर्षी, सशक्त बागेत, दिसला नाही.

सीसीसी, म्हणजे क्लोरमेक्वाट क्लोराइड, वेलीतलं जिबरेलिन तयार होणंच अडवतं. पेरी आखूड, पान जाड, घडनिर्मिती चांगली. पूर्वी लिहोसिनची, म्हणजे याच सीसीसीची, बाटली नसलेली खोली सापडत नव्हती. पण २०१०मध्ये याच क्लोरमेक्वाटचे अंश मर्यादेपेक्षा जास्त सापडले म्हणून आपल्या द्राक्षांचे कंटेनर युरोपात अडकले आणि बागायतदार, निर्यातदार दोघंही पोळले. हे द्रव्य वेलीत रेंगाळतं. एप्रिलमध्ये दिलेलं मार्चच्या मण्यात सापडू शकतं. निर्यातीच्या बागेत याच्या वाटेला जाऊ नका. शेंडा हातानं मोडता येतो, तर रसायन कशाला?

ऑक्टोबर: पानं उतरवणं आणि डोळे जागे करणं

छाटणीच्या दहा-पंधरा दिवस आधी पानगळ. पानं उतरली की काडीतला अन्नसाठा डोळ्यांकडं वळतो, डोळे फुगायला लागतात. हातानं पानं काढणं उत्तम. मजूर नसतील तर इथेफॉन २ ते ३ मिली प्रतिलिटर. ही बाटली आम्लधर्मी असते म्हणून टिकते. पानात गेल्यावर सामू वाढतो आणि तिच्यातून इथिलीन सुटतं. अल्कधर्मी पाण्यात मिसळलं तर ते टाकीतच सुटून जातं. म्हणून द्रावण केलं की लगेच मारा, आणि दुसरं काही मिसळू नका. कमजोर बागेत इथेफॉन मारूच नये.

छाटणीनंतर पेस्ट, म्हणजे डोळ्यांना हायड्रोजन सायनामाइड लावणं. हे संप्रेरक नव्हे. ते डोळ्याला एक जोरदार धक्का देतं आणि त्या धक्क्यानं झोपवणारं एबीए ओसरून फूट निघते. आपल्या हवेत थंडी इतकी पडत नाही, की वेलीची झोप आपोआप पूर्ण व्हावी, म्हणून हा धक्का लागतो. ५० टक्के द्रावण ३० ते ४० मिली प्रतिलिटर, छाटणीनंतर एक-दोन दिवसांत, काडीच्या टोकाकडच्या ज्या डोळ्यांतून फूट हवी त्यांनाच. काडीवरचे सगळे डोळे भिजवले तर सगळेच फुटतात आणि नंतर विरळणीत मजुरी जाते. थंडी वाढल्यावर उशिरा छाटणाऱ्यांना मात्रा थोडी वाढवावी लागते.

आता इथं दोन मिनिटं थांबा. हायड्रोजन सायनामाइड शरीरात दारूचं पचन अडवतं. पेस्ट लावणाऱ्या माणसानं त्या दिवशी, आदल्या दिवशी किंवा पुढच्या काही दिवसांत दारू घेतली, तर चेहरा लालबुंद होणं, छाती धडधडणं, रक्तदाब कोसळणं इथपर्यंत जातं; जिवावर बेतू शकतं. टोळीला काम देण्याआधी हे तोंडावर, स्पष्ट सांगा, लाजू नका. आठवडाभर दारू बंद हा सरळ नियम. रबरी हातमोजे, पूर्ण बाह्यांचा शर्ट, चष्मा हे मालकानं द्यायचं. कातडीवर पडलं तर फोड येतात.

पोंगा ते फुलोरा

पोंगा अवस्थेत घड डोळ्यातून बाहेर पडतो, आणि नेमका याच वेळी पाऊस आला, काडीत साठा कमी असला, बाग सावलीत असली, तर घड जिरतात. घड जिरणं म्हणजे घडाची बाळी होणं, म्हणजे वर सांगितलेली तीच ओढाताण. पावसानं मुळी गुदमरली की सायटोकायनिन तुटतं, दमट हवेत फूट सपाट्यानं धावते, जिबरेलिन वरचढ होतं. उपाय त्याच उलट दिशेचे: पाणी तोडा, बोद मोकळा करा, जास्तीच्या फुटी लवकर काढा, आणि पोंग्यात ६-बीए १० पीपीएम. या अवस्थेत कुणीही 'घड लांबायला' म्हणून जीए सांगितलं तर ऐकू नका. अजून वेळ आहे.

वेळ येते ती फुटीला पाच-सहा पानं झाल्यावर, घडाचा रंग पोपटी झाला की. आता घड ठरलेला असतो. जीएनं तो बाळी होत नाही, त्याचा दांडा आणि पाकळ्या लांबतात. पहिली फवारणी १० पीपीएम, चार-पाच दिवसांनी दुसरी १५ पीपीएम. दुसऱ्या फवारणीच्या आधी घड मोजपट्टीनं मोजा. पहिल्या फवारणीनं पुरेसा लांबला असेल तर दुसरी सोडून द्या. कुणी पुरस्कार देत नाही पूर्ण वेळापत्रक पाळल्याबद्दल. बागेत काही घड पोपटी आणि काही अजून तांबूस-गोळीसारखे असतील, तर फवारणी एक-दोन दिवस पुढं ढकला, किंवा दोन टप्प्यांत करा. फूट एकसारखी निघणं किती मोलाचं ते इथं कळतं, आणि ते पेस्ट लावतानाच ठरलेलं असतं.

जातीनुसार फरक मोठा. थॉमसन आणि तास-ए-गणेशला हे सगळं लागतं. सोनाका, माणिक चमन यांचे मणी मुळातच लांबट, तिथं हात आखडता. वाइनच्या बियांच्या जातींना जीएची गरज नाही. उलट पुढच्या वर्षीची फळधारणा बिघडते. नव्या आलेल्या काही जातींना जीए फारच कमी लागतं, त्यांच्यावर थॉमसनचं वेळापत्रक चालवणं म्हणजे पैसे देऊन बाग खराब करणं.

फुलोऱ्यात, फुलांच्या निम्म्या टोप्या गळल्या असताना, ३०-४० पीपीएम जीएनं काही फुलं गळून विरळणी होते. हा डाव हवेवर अवलंबून असतो. मी फुलोऱ्यात हात लावत नाही, सेटिंगनंतर, म्हणजे मणी धरल्यावर, कात्रीनं विरळणी करतो. खर्च जास्त, झोप चांगली.

सेटिंगनंतर: फुगवण

थॉमसनच्या मण्यात बी का नसते? परागीभवन होतं, बी धरते, पण थोड्याच दिवसांत गर्भ मरतो. चावताना दाताला न लागणारी कोवळी खूण तेवढी उरते. बियांच्या फळात बी हाच जिबरेलिनचा कारखाना असतो. बी मेली, कारखाना बंद, मणी लहान. कॅलिफोर्नियात १९५०च्या दशकाच्या अखेरीस हे ओळखून थॉमसनवर बाहेरून जीए द्यायला सुरुवात झाली, आणि आपल्याकडचं डिपिंग, म्हणजे घड द्रावणात बुडवणं, हे त्याचंच पुढचं रूप. आपण बियांचं काम बादलीतून करतो.

मणी ३-४ मिलिमीटरचा, म्हणजे बाजरीपेक्षा थोडा मोठा, असताना पहिलं डिपिंग, जीए ४० पीपीएम. ६ ते ८ मिलिमीटरला दुसरं, जीए ३०-४० पीपीएम आणि हवं तर सीपीपीयू १ ते २ पीपीएम. सीपीपीयू सायटोकायनिनसारखं काम करतं. सेटिंगनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांतच मण्यातल्या पेशींची संख्या ठरते. नंतर त्या फक्त फुगतात. म्हणून सीपीपीयू उशिरा दिलं तर पेशी वाढवायला जागाच उरलेली नसते. तेव्हा मिळते ती जाड साल, उशिराची साखर, हिरवा राहणारा रंग. २ पीपीएमच्या वर गेलेल्या बागांत साखर पंधरवडा मागं राहिलेली मी पाहिली आहे; तोवर बाजार बसलेला असतो.

फवारणी की डिपिंग? जीए एका मण्यातून शेजारच्या मण्यात फारसं सरकत नाही. जो मणी भिजला तो फुगला. घडाच्या आतल्या बाजूचे कोरडे राहिले तर घडात वाटाणे आणि गोट्या एकत्र दिसतात. म्हणून निर्यातीच्या बागेत घड मगात बुडवून काढणं अजून टिकून आहे. बुडवल्यावर घडाला हलका टिचका मारून थेंब झाडा. खालच्या टोकाला साचलेला थेंब सुकताना तिथली मात्रा वाढवतो आणि मण्यावर डाग पडतो.

आणि सामान? निर्यातीसाठी दीड चौरस फुटाला एक घड, घडामागं पंधरा-सोळा निरोगी पानं, घडात शंभर-सव्वाशे मणी. याहून जास्त माल ठेवून पीपीएम वाढवणं हा आपल्याकडचा सगळ्यात महागडा गैरसमज आहे. डिसेंबरात निफाडचा पारा पाचाखाली जातो, मणी थांबतो, आणि लोक घाबरून तिसरं, चौथं डिपिंग करतात. थंडीत वेलीची मुळी काम करत नाही. निरोप कितीही पाठवा, उत्तर कोण देणार? तेव्हा पहाटे पाणी सोडून बागेतली ऊब टिकवणं जास्त कामाचं.

पाणी उतरताना

मणी मऊ पडून काचेसारखा चमकू लागला की पाणी उतरलं म्हणतो. इथून सूत्रं एबीएकडं जातात. जीए, सीपीपीयू दोन्ही बंद. काळ्या-लाल जातींत रंगासाठी इथेफॉन वापरतात. त्यानं रंग येतो पण मणी सैल होऊन गळ वाढते, आणि अवशेषांचा प्रश्न वेगळा. आधी घडाजवळची चार पानं काढून ऊन द्या, पाण्याची पाळी थोडी ताणा. हा बेताचा ताण एबीए वाढवतो.

द्राक्ष तोडल्यावर पिकत नाही, हे व्यापारी घाई करतो तेव्हा आठवावं. आंबा, केळी, टोमॅटो तोडल्यावर स्वतःचं इथिलीन तयार करून पिकतात. द्राक्षात ती यंत्रणा नाही. १५ ब्रिक्सला (ब्रिक्स म्हणजे साखरेचं माप) तोडलेला घड पेटीतही १५च राहणार.

इतर पिकांत तोच धागा

कोकणातल्या हापूसला एक वर्षाआड मोहोर का? पालवीचं जिबरेलिन मोहोर अडवतं. कल्टार, म्हणजे पॅक्लोब्युट्रॅझॉल, ते तयार होऊ देत नाही. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची शिफारस झाडाच्या विस्ताराच्या दर मीटर व्यासाला ३ मिली, १५ जुलै ते १५ ऑगस्टच्या दरम्यान, बुंध्याभोवती विस्ताराच्या निम्म्या अंतरावर २५-३० लहान खड्ड्यांत ओतायचं. दहा वर्षांखालच्या किंवा अशक्त झाडाला नाही, आणि दिलं की खत वाढवायचंच. नुसतं कल्टार देऊन झाडं वाळवलेल्या बागा आहेत.

काकडीवर्गीय वेलींना दोन आणि चार पानांवर इथेफॉनची हलकी फवारणी दिली की मादी फुलं वाढतात. सोलापूरकडं डाळिंबाचा बहार धरताना पानगळीला तेच इथेफॉन. केळी पिकवायला इथिलीन वायू १०० पीपीएमपर्यंत चालतो. कॅल्शियम कार्बाइडवर बंदी आहे, आणि ती योग्यच आहे.

एक ओळ कोरी ठेवा

दर वर्षी बागेच्या मधली एक ओळ, निदान दहा वेली, एका संजीवकाशिवाय ठेवा. एका वर्षी सीपीपीयू नको, दुसऱ्या वर्षी पोपटी अवस्थेतलं दुसरं जीए नको. बांधाकडची ओळ घेऊ नका, तिथं ऊन-वारा वेगळा असतो. वहीत तारीख, घडाची अवस्था, पाण्याचा सामू, मात्रा, हवा, आणि सात दिवसांनी घडाची लांबी एवढं लिहा. काढणीच्या दिवशी कोऱ्या ओळीतले दहा घड आणि शेजारच्या ओळीतले दहा घड वेगळ्या क्रेटमध्ये तोलायचे, दोन्हींतल्या पन्नास-पन्नास मण्यांचा व्यास कॅलिपरनं मोजायचा, ब्रिक्स घ्यायचं आणि वहीत त्याच पानावर टाकायचं. गेल्या वर्षी माझ्या कोऱ्या ओळीत मण्याचा फरक निघाला जेमतेम अर्धा मिलिमीटर, आणि साखर आठ दिवस आधी आली. यंदा सीपीपीयूची बाटली अर्धीच आणली आहे.